कादंबरीची सुरुवात स्वप्नाने करावी का? माझ्या चार पानांचा अनुभव

माझ्या पहिल्या कादंबरीच्या कच्च्या खर्ड्यात पहिली चार पानं स्वप्नाची होती. निपाणीतली तंबाखूची वखार. वरून पिवळी भुकटी पावसासारखी पडतेय, ओळीने बसलेल्या बायका चाळण्या हलवताहेत, पण आवाज कसलाच नाही. आणि त्या गर्दीत नायिकेला आपली आई सापडत नाही. पाचव्या पानावर पहाटेच्या बसचा हॉर्न वाजतो आणि ती दचकून उठते.

ही पानं मला फार प्रिय होती. दोन महिने मी त्यांच्यावरच घालवले होते. बेळगावात आम्ही पाच-सहा जण महिन्यातून एकदा जमतो आणि एकमेकांचं लिखाण ऐकतो. तिथे मी ती वाचली. हॉर्नपर्यंत आले तेव्हा आमच्यातले एक निवृत्त मास्तर म्हणाले, "थांब गं जरा. मी तिची आई शोधत होतो की. ती हरवलीच नव्हती म्हणतेस?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण वाईट वाटलेलं स्पष्ट कळत होतं. मला त्या रात्री झोप आली नाही.

पुढे विचार करताना लक्षात आलं, की पहिल्या पानावर वाचक कुणालाच ओळखत नसतो. स्वप्नाला अर्थ येतो तो जागेपणीच्या आयुष्यामुळे. ते आयुष्यच माहीत नसेल, तर आई न सापडणं काय आणि आभाळातून भुकटी पडणं काय, दोन्ही नुसती चित्रं. संस्कृत नाटककार भासाने 'स्वप्नवासवदत्तम्'मध्ये नाटकाच्या नावातच स्वप्न घातलं, पण तो प्रसंग ठेवला पाचव्या अंकात. राणी वासवदत्ता जिवंत आहे हे तोवर आपल्याला ठाऊक असतं, राजाला नसतं. झोपेत तो तिला हाक मारतो, ती खरोखरच शेजारी असते, त्याचा खाली लोंबणारा हात उचलून शय्येवर ठेवते आणि निघून जाते. हाच प्रसंग पहिल्या अंकात असता तर त्या हाताचं आपल्याला काहीच वाटलं नसतं.

दुसरी गोष्ट मला आपल्या जुन्या कथांनी शिकवली. हरिश्चंद्राने राज्य दिलं ते स्वप्नात, पण ते फेडावं लागलं जागेपणी. तुकोबांच्या स्वप्नात विठ्ठलाला घेऊन नामदेव आले आणि उरलेले अभंग पुरे करायचं काम सांगून गेले. आपल्याकडे स्वप्न पडलं की माणसाच्या अंगावर देणं येतं. माझ्या नायिकेने उठून काय केलं? तोंड धुतलं, चहा ठेवला. ती चार पानं नसती तरी चहा झालाच असता. तेव्हापासून मी नव्याने लिहिणाऱ्या मित्रांना हाच एक प्रश्न विचारते: जाग आल्यावर या माणसाला असं काय करावं लागणार आहे, जे स्वप्नाशिवाय त्याने केलं नसतं? उत्तर असेल तर स्वप्न पहिल्या पानावर खुशाल ठेवा.

खानापूरकडच्या माझ्या एका मैत्रिणीकडे ते उत्तर होतं. तिच्या कादंबरीच्या पहिल्या वाक्यात म्हातारी विहिरीवर बायकांना सांगते, की देवी स्वप्नात आली आणि राईतल्या झाडाला हात लावू नका म्हणाली. दुपारपर्यंत गावात दोन तट पडतात. तिथे स्वप्न दाखवलेलंच नाही, सांगितलंय, तेही तीन ओळींत. वाचकाची फसगत होत नाही, कारण स्वप्न आहे हे त्याला पहिल्यापासून माहीत असतं. ती सुरुवात बदलू नकोस, असं मी तिला हात धरून सांगितलं.

माझ्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती, आणि ती मला जास्त लागली. माझी कादंबरी १९८१ सालची. त्या वर्षी निपाणी भागातले तंबाखू शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर खरोखर ठाण मांडून बसले होते, गोळीबारात माणसं गेली. त्या काळाची गोष्ट मी 'हे काही खरं नव्हतं' असं सांगून सुरू करत होते. आम्हा सीमाभागातल्या लिहिणाऱ्यांना हा मोह फार होतो. महाराष्ट्रात जाण्याच्या भाषणांतून 'स्वप्न' हा शब्द आम्ही लहानपणापासून ऐकलाय, त्यामुळे हातात पेन आलं की तोच आधी उतरतो. नव्याने लिहिणाऱ्यांचे खर्डे माझ्याकडे येतात, त्यांतही हेच दिसतं. मी त्यांना म्हणते, आधी घडलेलं लिहा.

आईला मी ती चार पानं वाचून दाखवली होती. तिने वखारीत एकवीस वर्षं काढली. ती म्हणाली, "सपान कसलं पडतंय गं? खाटानं डोळं मिटायची सोय न्हवती." खाट म्हणजे तंबाखूचा झणका.

मग मी स्वप्नातल्या खऱ्या वस्तू वेगळ्या काढल्या. भुकटी खरी, चाळणी खरी, न सापडणारी आईसुद्धा खरीच, कारण ती घरी यायची तेव्हा आम्ही झोपलेलो असायचो. नवी सुरुवात अशी झाली: दिवेलागण उलटून गेलेली. आई उंबऱ्याबाहेर थांबते, पदर सोडून दोनदा झटकते, आत येते. तरी पाळण्यातलं बाळ शिंकतं. ती तशीच मागे सरते, हात कोपरापर्यंत धुते आणि बाळाला न घेता चुलीपुढे बसते. एवढंच. अर्धं पान.

जुनं स्वप्न मी फेकलं नाही. महामार्गावर गोळीबार झाल्यानंतर, नवव्या प्रकरणात ते आलं, अकरा ओळींचं. तिथे आई न सापडण्याची भीती वाचकालाही असते. तुम्हीही तुमचं स्वप्न लगेच खोडू नका. पहिलं प्रकरण बाजूला काढा, उरलेलं अशा माणसाला द्या ज्याने ते ऐकलेलं नाही, आणि तो कुठे अडखळतो ते बघा. आमच्याकडे कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा गावांत साहित्य संमेलनं भरतात, तिथे ओळखी होतात, ऐकणारी माणसं भेटतात.

नवी सुरुवात मी आईला वाचून दाखवली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "शिंकेचं बरुबर लिवलंस. पर पदर म्या उंबऱ्याभाईर न्हाई, परड्यात झटकत हुते." मी परडं केलं.