या चुका टाळा: इथेरियमच्या प्रोटोकॉल फेलोशिपमध्ये गाडी कुठे अडते

इथेरियम या ब्लॉकचेनच्या मूळ सॉफ्टवेअरवर काम करायला शिकवणारी इथेरियम फाउंडेशनची प्रोटोकॉल फेलोशिप २०२१ मध्ये कोअर डेव्हलपर अप्रेंटिसशिप या नावाने सुरू झाली. चार-पाच महिने, स्वतः निवडलेलं एक काम, दर आठवड्याला लेखी अपडेट आणि शेवटी सादरीकरण. वर्ग नाही, परीक्षा नाही, मागे लागणारंही कुणी नाही. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं.

सर्वांत महागात पडते ती निवडीच्या ईमेलची वाट पाहणं. मानधनासाठी निवड लागते, भाग घ्यायला नाही. अर्ज नाकारला तरी प्रस्ताव फेलोशिपच्या रेपोत (सामायिक कोडसाठ्यात) टाकून काम सुरू करता येतं. फेलोशिपच्या २०२४ च्या अभ्यासगटाची व्याख्यानं आणि विकी खुली आहेत, तेवढी आधी संपवा. अर्जात सॉलिडिटीच्या (स्मार्ट काँट्रॅक्ट लिहायच्या भाषेच्या) प्रकल्पांची यादी देऊन फारसं साधत नाही. इथलं काम काँट्रॅक्टच्या खालच्या थरात चालतं: पीअर (नेटवर्कवरचे इतर संगणक) शोधणं, ब्लॉक तपासणं, स्टेट (खात्यांची सद्यस्थिती) साठवणं.

क्लायंट, म्हणजे नेटवर्कशी जोडणारं सॉफ्टवेअर, हाताला बसलेल्या भाषेतला घ्या. गो येत असेल तर गेथ किंवा प्रिझम, रस्ट असेल तर रेथ किंवा लाइटहाउस, जावा असेल तर बेसू किंवा टेकू, सी शार्प असेल तर नेदरमाइंड. नवी भाषा आणि नवा प्रोटोकॉल एकदम शिकायला गेलात तर निम्मा काळ कंपायलरशी भांडण्यात जाईल.

नोड चालत नाही

नोड म्हणजे क्लायंट चालवणारा संगणक. लॅपटॉपवर मेननेट (इथेरियमचं खरं, मुख्य नेटवर्क) सिंक करत बसू नका. त्याला साधारण २ टीबीची एसएसडी लागते आणि बदल तपासायला त्याचा उपयोगही नाही. डॉकर आणि कुर्टोसिस (चाचणीचं नेटवर्क उभारायचं साधन) टाकून ईथपांडाऑप्स या टीमचं इथेरियम-पॅकेज चालवा, काही मिनिटांत खाजगी नेटवर्क उभं राहतं. त्यातल्या एकाच नोडला तुमची डॉकर इमेज द्या, बाकीचे नोड दुसऱ्या क्लायंटचे आणि जसेच्या तसे ठेवा. सगळीकडे तुमचाच कोड असेल तर चुकीचा ब्लॉकही सगळे गुण्यागोविंदाने मान्य करतात.

हाताने जोडणी करत असाल तर हे लक्षात ठेवा. सप्टेंबर २०२२ च्या मर्जनंतर (इथेरियम प्रूफ-ऑफ-स्टेकवर गेल्यानंतर) नुसता गेथ पुढे सरकत नाही, सोबत कन्सेन्सस क्लायंट (कोणता ब्लॉक धरायचा ते ठरवणारा, उदा. प्रिझम) हवाच. तो ८५४५ ला नाही, ८५५१ पोर्टला जोडायचा आणि दोघांकडे एकच जेडब्ल्यूटी फाइल (ओळख पटवणारी गुप्त किल्ली) हवी: ३२ बाइट, म्हणजे ६४ हेक्स अक्षरं. एवढं करूनही ४०१ (परवानगी नाकारल्याचा एरर) येत असेल तर घड्याळ बघा. टोकनवरची वेळ साठ सेकंदांपेक्षा जास्त पुढे-मागे असली तर टोकन नाकारलं जातं. एक क्लायंट व्हर्च्युअल मशीनमध्ये आणि दुसरा बाहेर असेल, तर लॅपटॉप झोपेतून उठल्यावर आतलं घड्याळ मागे राहू शकतं. काल चाललेली जोडणी आज तुटली की फाइल पुन्हा बनवण्याआधी दोन्हीकडे 'डेट' कमांड मारा.

चाचण्या फेल होतात

कोडला हात लावण्याआधी दोन गोष्टी तपासा. कन्सेन्सस स्पेकच्या (नियमांच्या लेखी वर्णनाच्या) चाचण्यांचा टॅग आणि तुमची शाखा ज्या स्पेकवर बेतलेली आहे तो टॅग जुळतो का? आणि प्रीसेट (ठरावीक आकड्यांचा संच) कोणता? मेननेटमध्ये एका इपॉकमध्ये ३२ स्लॉट (ब्लॉकसाठीच्या ठरावीक वेळा) असतात, चाचणीसाठीच्या छोट्या मिनिमलमध्ये ८. कुणी कोडमध्ये ३२ थेट लिहून ठेवले असतील तर मेननेटच्या चाचण्या पास होतात आणि मिनिमलच्या धडाधड पडतात.

पुल रिक्वेस्ट पडून राहते

पुल रिक्वेस्ट (तुमचा बदल मुख्य कोडात घ्यायची विनंती) चुकीच्या शाखेवर गेलेली असू शकते. लाइटहाउस, लोडस्टार आणि निंबस यांचं काम 'अनस्टेबल' शाखेवर चालतं, प्रिझमचं 'डेव्हलप'वर. दुसरं कारण आकार. दोन हजार ओळींचा बदल, त्यात फॉरमॅटरने हलवलेल्या आठशे, असं काही कुणी रिव्ह्यूला घेत नाही. रिफॅक्टर वेगळा, वागणूक बदलणारा भाग वेगळा, प्रत्येकासोबत चाचणी. कॉमेंटमधलं स्पेलिंग सुधारून खातं उघडायचा मोह आवरा. अशा रिक्वेस्टींचा मेंटेनरना वीट आलेला आहे.

विषय निवडताना ईआयपीचं (इथेरियममधल्या बदलाच्या प्रस्तावाचं) भवितव्यही पाहा. ईओएफवर (काँट्रॅक्टच्या कोडच्या नव्या फॉरमॅटवर) अनेक क्लायंट टीमनी बराच काळ काम केलं होतं, तरी एप्रिल २०२५ मध्ये ते फुसाका या अपग्रेडमधून वगळलं गेलं. त्यामुळे प्रस्तावात एक तुकडा असा ठेवा जो फोर्क (अपग्रेड) बदलला तरी उपयोगी पडेल: चाचणी, फझर (यादृच्छिक इनपुट देऊन चुका शोधणारं साधन), मोजमापाचं साधन.

मेंटॉर उत्तर देत नाही

'पीअरडास वाचलं, सिंकमध्ये अडचण आहे' या अपडेटला कुणी काय उत्तर देणार? कोणती कमिट, कोणती कमांड, लॉगच्या शेवटच्या वीस ओळी आणि आतापर्यंत काय वगळून पाहिलं, एवढं लिहा. ते क्लायंट टीमच्या सार्वजनिक चॅनलवर टाका, एकाच माणसाला खाजगीत नको. कोअर डेव्हलपरांचे कॉल गुरुवारी १४:०० यूटीसीला असतात, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेसात. अजेंडा आधी वाचून बसा. तुमच्या ईआयपीवर कुणाचं काम चालू आहे ते तिथे कळतं, आणि पुढचा प्रश्न त्यालाच विचारता येतो.