जुन्या सिंथची पट्टी मुकी झालीय? कॉन्टॅक्ट साफ करताना या चुका टाळा

एखादी पट्टी दाबली तरी वाजत नाही, किंवा तीनदा दाबल्यावर एकदा वाजते, की हात थेट स्क्रू-ड्रायव्हरकडे जातो. जुन्या सिंथेसायझरमध्ये असा दोष बहुतेक वेळा कॉन्टॅक्टचा, म्हणजे पट्टी दाबल्यावर टेकून वीज जोडणाऱ्या जागेचाच असतो आणि तो घरच्या घरी काढताही येतो. पण रोलंडचा ज्युनो-१०६ हा १९८४ चा, डी-५० हा १९८७ चा, आणि मिनीमोग तर १९७० पासूनचा. या वाद्यांचे मूळ सुटे भाग शोधत फिरावं लागतं. धूळ बसलेला कॉन्टॅक्ट साफ होतो, पण घासून उडवलेला कार्बन किंवा मुलामा पूर्वीसारखा पुन्हा बसत नाही. माझ्या मते या वाद्यांचं जेवढं नुकसान धुळीनं होतं, त्याहून जास्त घाईच्या हातांनी होतं.

दोष न ओळखताच वाद्य उघडणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ज्युनो-१०६ मध्ये एकूण सहा व्हॉइस, म्हणजे एका वेळी एकेक सूर वाजवणारी सर्किट आहेत, आणि प्रत्येक व्हॉइसला ८००१७ए नावाची चिप आहे. या चिपा वयोमानानं जातात, हे या मॉडेलचं प्रसिद्ध दुखणं. वेगवेगळ्या पट्ट्या एकामागून एक वाजवत गेल्यावर दर सहावा सूर गायब होत असेल किंवा खरखरत असेल, तर पट्ट्यांना हात लावायचं कारण नाही. ‘की ट्रान्सपोज’ नावाचं बटण दाबून धरून वाद्य सुरू केलं की टेस्ट मोड लागतो, आणि वाजणारा सूर कोणत्या व्हॉइसवर आहे तो आकडा डिस्प्लेवर दिसतो. खराब सूर दरवेळी त्याच आकड्यावर येत असेल तर दोष व्हॉइसचा. दरवेळी त्याच पट्टीवर येत असेल तर कॉन्टॅक्टचा.

दुसरी खूण. ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डमध्ये प्रत्येक पट्टीची वेगळी वायर प्रोसेसरपर्यंत जात नाही. पट्ट्या आडव्या-उभ्या ओळींच्या जाळ्यात जोडलेल्या असतात, बऱ्याचदा आठ-आठच्या गटांनी. त्यामुळे शेजारशेजारच्या आठ पट्ट्या एकदम गेल्या, किंवा दर आठवी पट्टी मुकी झाली, तर आठ कॉन्टॅक्ट एकाच दिवशी खराब झाले असं होत नाही. अशा वेळी रिबन केबल, कनेक्टर किंवा सुटलेलं सोल्डर तपासा. अनेकदा कनेक्टर काढून नीट बसवला की काम होतं.

तिसरी खूण पट्टी किती वेगानं दाबली ते ओळखणाऱ्या, म्हणजे व्हेलॉसिटीच्या कीबोर्डसाठी. डी-५० सारख्या वाद्यात एका पट्टीखाली दोन कॉन्टॅक्ट असतात. पट्टी खाली जाताना आधी एक जुळतो, मग दुसरा, आणि त्या दोहोंमधला वेळ मोजून आवाज किती जोरात हवा ते ठरतं. पहिला कॉन्टॅक्ट मळला तर तो उशिरा जुळतो, दोहोंमधला वेळ कमी भरतो आणि हलका हात लावला तरी सूर कानठळ्या बसवतो. दुसरा मळला तर उलट होतं: जोरात वाजवा, आवाज दबकाच. मिडी आउट, म्हणजे वाजवलेल्या सुरांची माहिती बाहेर पाठवणारं सॉकेट, कॉम्प्युटरला जोडून प्रत्येक पट्टीचा व्हेलॉसिटीचा आकडा पाहिला, तर कोणत्या पट्ट्यांकडे जायचं आहे त्याची यादी वाद्य न उघडताच हातात येते. ज्युनो-१०६ व्हेलॉसिटी पाठवत नाही, तिथे कानावरच भिस्त.

साठवलेले ध्वनी तसेच सोडून देणं

ज्युनो-१०६ मधले १२८ आणि यामाहा डीएक्स-७ मधले ३२ ध्वनी आतल्या लिथियम बॅटरीवर टिकून असतात. वाद्य उघडलं म्हणून ते पुसले जात नाहीत, पण एखादा स्क्रू बोर्डावर पडून बॅटरी शॉर्ट झाली तर ते गेलेच समजा. आधी कॉम्प्युटरवर घेऊन ठेवा. आणि झाकण काढण्याआधी प्लग भिंतीतून काढा. नुसता स्विच बंद करून भागत नाही, पॉवर सप्लायच्या भागात २३० व्होल्ट येऊन उभे असतात. कपॅसिटरमध्येही थोडा वेळ चार्ज राहतो, त्या कोपऱ्यात बोटं घालू नका.

घरात जे सापडेल त्यानं पुसणं

डब्ल्यूडी-४० नको. ते तेलकट पातळ थर मागे ठेवतं आणि त्यावर धूळ आणखी जोमानं चिकटते. नेलपॉलिश रिमूव्हरमधलं ॲसिटोन आणि थिनर प्लॅस्टिक खातात. सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन असतं, मेडिकलच्या स्पिरिटमध्ये पाणी आणि कधी कधी तेलकट द्रव्यंही. आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे दुकानदार ज्याला आयपीए म्हणतात ते, ९९ टक्क्यांचं घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळतं. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ गॅस किंवा उदबत्ती नको.

कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे चांगला असतो, पण धातूच्या कॉन्टॅक्टसाठी. रबर आणि कार्बनवर तो मारू नये. पट्ट्यांच्या फटीतून आत फवारणं तर सर्वात वाईट. वरची धूळ ओली होऊन नेमकी कॉन्टॅक्टवर जाऊन बसते. दोन दिवस बरं वाटतं, मग आधी चालणाऱ्या पट्ट्याही अडकू लागतात.

रबरावर जोर काढणं

डी-५० सारख्या कीबोर्डमध्ये पट्टीखाली रबराची घुमटी असते, तिच्या आत काळी टिकली. ही टिकली कार्बन मिसळलेल्या रबराची, आणि तीच खालच्या बोर्डावरच्या काळ्या नक्षीवर टेकून वीज पुढे नेते. बोर्डावरचा तो काळा थरही कार्बनचाच. खोडरबर, सँडपेपर किंवा नखानं खरवडलं की थर निघतो. कापसाची काडी आयपीएमध्ये बुडवा, झटकून जास्तीचं काढा, आणि एकदाच हलक्या हातानं फिरवा. काडीवर फिकट राखाडी डाग आला तर तो मळ. दुसऱ्या कोऱ्या काडीवरही गडद काळं येऊ लागलं की थांबा, आता कार्बन निघतोय.

या घुमट्यांची रबरी पट्टी बोर्डात छोट्या खुंट्यांनी अडकवलेली असते. ती वरून ओढली तर खुंटी तुटते. बोर्डाच्या मागून बोथट काडीनं एकेक खुंटी ढकलत काढा. रबर फारच मेणचट झालं असेल तर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुवा, टिकली घासू नका, स्वच्छ पाण्यानं खळबळून काढा. मग पूर्ण वाळू द्या. जूनपासून सप्टेंबरपर्यंत, विशेषतः कोकणात, रात्रभर पंख्याखाली ठेवलं तरी घुमटीच्या पोटात ओल राहते. बसवताना बोटं टिकलीला लावू नका, आणि खुंट्या पूर्ण आत गेल्यात ना पाहा. रबर जरा उचललेलं राहिलं की ती पट्टी शेजारणीपेक्षा जड किंवा उसळी मारणारी लागते.

साफ करूनही पट्टी वाजत नसेल तर लगेच नवीन रबर मागवू नका. आधी त्या सप्तकाचं रबर दुसऱ्या सप्तकावर लावून बघा, आकार जुळत असेल तर. दोष रबराबरोबर गेला तर रबर दोषी, जागच्या जागी राहिला तर बोर्ड. टिकल्यांवर पेन्सिल घासायचा सल्ला अनेक जण देतात, मला तो पटत नाही. ग्राफाइटचे कण सुटून शेजारच्या ओळीवर पडतात आणि न दाबलेले सूर वाजू लागतात.

लाल चिकट डाग म्हणजे मळ नव्हे

रोलंडच्या डी-७० आणि जेडी-८०० मध्ये पट्ट्यांखाली वजनं चिकटवायला लाल गोंद वापरला होता. तो काळानुसार विरघळून काकवीसारखा ओघळतो, पट्ट्या चिकटतात आणि कॉन्टॅक्टपर्यंतही पोचतो. नुसते कॉन्टॅक्ट पुसून उपयोग नाही, कारण वरून गळती चालूच राहते. पट्ट्या सुट्या करून तो गोंद मुळापासून काढावा लागतो. त्यासाठी कॉस्टिक सोड्याचं पाणी वापरतात, पण ते कातडी आणि डोळे भाजतं. हे काम जाणकार कारागिराकडेच द्यावं.

तारा वाकवणं

मिनीमोगमध्ये ४४ पट्ट्या आहेत, आणि रबराऐवजी इंग्रजी ‘J’ अक्षराच्या आकाराच्या बारीक तारा आडव्या धातूच्या दांडीवर टेकतात. प्रत्येक पट्टीला दोन तारा: एक सूर ठरवते, दुसरी सूर सुरू करण्याचा इशारा देते. त्यामुळे इथे मळलेला कॉन्टॅक्ट फक्त मुका होत नाही, पट्टी दाबून धरली तरी सूर भलतीकडेच उडी मारतो. आयपीएनं किंचित ओला केलेला, धागे न सुटणारा कपडा दांडीवरून लांबीच्या दिशेनं फिरवा. तारांना आडवं रेटू नका. दोन्ही तारा कोणत्या क्रमानं टेकतात यावर सगळं अवलंबून आहे. वाकलेल्या तारेमुळे इशारा आधी गेला तर नव्या सुराच्या तोंडाशी मागचाच सूर क्षणभर ऐकू येतो. सँडपेपर तर इथे मुळीच नको, तारांवरचा मुलामा फार पातळ असतो.

झाकण लावण्याआधी स्प्रिंगांची जागा आणि स्क्रूंची लांबी उघडताना काढलेल्या फोटोंशी जुळवून पाहा. लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर खालच्या बोर्डाला टेकतो. सगळे स्क्रू घट्ट करण्यापूर्वी तळापासून वरपर्यंत प्रत्येक पट्टी एकदा हळू, एकदा जोरात वाजवा. हळू दाबताना अडखळणारी पट्टी जोरात दाबल्यावर बेमालूम लपते.