अंतराळकथेतील प्राचीन अणुभट्टी कशी जागी करावी

एखाद्या लुप्त संस्कृतीने मागे ठेवलेला ऊर्जास्रोत कथेत आणताना त्याची झळाळी रंगवण्याआधी त्याचे वय ठरवावे, कारण धोका कोठून येणार हे वयावरूनच निश्चित होते. व्हॉयेजर यानांना १९७७ पासून वीज पुरवणाऱ्या प्लुटोनियम-२३८ चे अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मे उरण्यास लागणारा काळ, सुमारे ८८ वर्षे आहे. हजार वर्षांनी त्याच्या उष्णतेचा दोन हजारावा हिस्साही उरणार नाही. याउलट युरेनियम-२३५ चे अर्धायुष्य सुमारे ७० कोटी वर्षे असल्याने त्याच्यापुढे आपली सगळी साम्राज्ये कालपरवाची ठरतात. म्हणून युरेनियमच निवडावे.

यंत्रणेसाठी गॅबनमधील ओक्लोचा अभ्यास करावा. तेथील खाणीत १९७२ मध्ये असे आढळले, की सुमारे २०० कोटी वर्षांपूर्वी निसर्गातच अणुभट्टी पेटली होती. खडकात झिरपलेले पाणी न्यूट्रॉनांचा वेग कमी करी, त्यामुळे विखंडनाची, म्हणजे अणुकेंद्रे फुटत जाण्याची, साखळी सुरू होई. उष्णतेने पाणी उकळून निघून गेले की ती थांबे, आणि खडक निवला की पाणी पुन्हा झिरपू लागे. अर्धा तास चालू, अडीच तास बंद, असा हा क्रम लाखो वर्षे टिकला. दादरच्या आमच्या जुन्या इमारतीत पावसाळ्यात छतातून गळणाऱ्या पाण्याखाली पातेले ठेवून रात्र काढलेल्या माणसाला हा ताल वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आता हे यंत्र एका बर्फाळ उपग्रहाच्या पोटात, कोरडे ठेवावे. बंद पडून काही हजार वर्षे लोटली असल्याने सीझियम-१३७ सारखी अल्पायुषी द्रव्ये केव्हाच विरलेली असतील, त्यामुळे पथकाचा किरणोत्सर्गमापक जेमतेम टिकटिक करील. इथेच खरी मेख आहे. भिंत किंचित कोमट लागते म्हणून एखादा सद्भावी तंत्रज्ञ बर्फ वितळवून थंड पाणी आत सोडतो, आणि त्या पाण्यानेच यंत्र जागे होते.

“मामा, नळ बंद करा!” असे त्या तंत्रज्ञाला ओरडून सांगणारी मुलगी दाराशी हवी, मामांनी मात्र काटा चढताना पाहून नळ आणखी मोकळा करावा.

अणुबाँबसारखा स्फोट दाखवू नये. इतक्या कमी समृद्ध, म्हणजे युरेनियम-२३५ चे प्रमाण कमी असलेल्या, युरेनियमात तो होत नाही, वाफेचा स्फोट मात्र शोभून दिसतो. निळा उजेड दाखवायचाच असेल तर पाण्यातच दाखवावा, कारण पाण्यातील प्रकाशाहून वेगाने जाणाऱ्या कणांमुळे तो पडतो. तुर्भ्याची अप्सरा ही ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झालेली भट्टीही पाण्याच्या हौदातच बसवलेली होती.

किरणोत्सर्गाने होणारा मामांचा मृत्यू घाईने लिहू नये. काही तासांतच त्यांना उलट्या सुरू होतील, मग त्या थांबतील, आणि काही दिवस त्यांना खरोखरच बरे वाटेल. त्या दिवसांत ते चहा मागतील, मुलीच्या घाबरटपणाची थट्टा करतील आणि पंप दुरुस्त करायला पुन्हा खाली जाण्याचा हट्ट धरतील.