सर्व्हरच्या ओएसचा (ऑपरेटिंग सिस्टीमचा) बॅकअप घेताय? मग या चुका टाळा

शनिवारी संध्याकाळी सातला एका पतसंस्थेतून फोन आला, सर्व्हर चालूच होत नाहीये. गेलो, उघडून बघितलं तर करंट जास्त आल्याने मदरबोर्ड गेलेला आणि त्याला कायम लावून ठेवलेली बॅकअपची हार्ड डिस्क पण त्याच झटक्यात गेलेली. तरी मला फार टेन्शन नव्हतं, कारण दर शुक्रवारी तो बॅकअप दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून कपाटात ठेवायचा असं मीच सांगून ठेवलं होतं आणि ते लोक ते इमानदारीत करत होते. दुसरं मशीन पण मिळालं. म्हटलं दोन-तीन तासांत उरकेल. उरकलं सोमवारी पहाटे चारला. त्या दीड दिवसात जिथे जिथे अडलो ते सगळं आधी टाळता आलं असतं, म्हणून हे लिहितोय, मुख्यतः विंडोज सर्व्हर वापरणाऱ्या छोट्या ऑफिसांसाठी.

पहिल्यांदा अडलं ते फोल्डरच्या नावावर. 'विंडोज सर्व्हर बॅकअप' हे विंडोजमधलंच बॅकअपचं टूल डिस्कवर 'विंडोजइमेजबॅकअप' (WindowsImageBackup) नावाचं एक फोल्डर बनवतं, मध्ये स्पेस नाही, आणि रिकव्हरीच्या वेळी ते फोल्डर डिस्क उघडल्या उघडल्या समोर असावं लागतं, दुसऱ्या कुठल्या फोल्डरच्या पोटात असून चालत नाही आणि नाव बदललेलं तर अजिबात चालत नाही. इथे कॉपी करणाऱ्याने नीटनेटकं राहावं म्हणून 'सर्व्हर शुक्रवार' असं नाव देऊन ठेवलं होतं, त्याचा काहीच दोष नाही, मी सांगितलंच नव्हतं. स्क्रीनवर नुसतं येतंय की या कॉम्प्युटरवर सिस्टीम इमेज (अख्ख्या सिस्टीमची कॉपी) सापडत नाही, आणि डिस्क तर समोर दिसतेय, दीडशे जीबीच्या वर डेटा आहे त्यात! मला वाटलं बॅकअपच खराब झालाय. पाऊण तास गेला हे लक्षात यायला. नाव पूर्ववत केलं आणि लगेच इमेज दिसली. जुन्या कॉप्या वेगवेगळ्या नावाने ठेवायला हरकत नाही, पण रिस्टोअरच्या आधी मूळ नाव परत द्यायचं हे डिस्कच्या खोक्यावर लिहून ठेवा.

दुसरं, रेड कंट्रोलरचा (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डचा) ड्रायव्हर. नवीन मशीनचा कंट्रोलर वेगळा, त्यामुळे पेन ड्राइव्हवरून बूट केल्यावर रिकव्हरीला ज्या डिस्कवर रिस्टोअर करायचं ती डिस्कच दिसेना. तिथे ड्रायव्हर लोड करायची सोय असते पण ड्रायव्हर आधी हातात हवा ना. ऑफिसचं इंटरनेट त्याच सर्व्हरच्या डीएनएसवर (वेबसाइटचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेवर) चालायचं, मग मोबाईलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉपमध्ये डाउनलोड, मग चुकीचं व्हर्जन, मग परत. तहान लागल्यावर विहीर खणायची म्हणजे काय ते त्या रात्री कळलं. आता मी प्रत्येक क्लायंटकडे एक पेन ड्राइव्ह ठेवतो, त्यात त्याच व्हर्जनचा विंडोज सर्व्हरचा सेटअप आणि चालू मशीनचे आणि पर्यायी मशीनचे स्टोरेज आणि नेटवर्कचे ड्रायव्हर.

आणि तिसरं सगळ्यात महागात पडलं. जुनी डिस्क १ टीबीची, वापरलेली जेमतेम १८० जीबी. नवीन मशीनमध्ये ४८० जीबीची एसएसडी. डेटा मावतोय ना, मग झालं, असं वाटतं, पण बेअर मेटल रिकव्हरी (रिकाम्या मशीनवर अख्खा सर्व्हर परत उभा करणं) डेटा किती आहे ते बघत नाही, मूळ डिस्क केवढी होती ते बघते आणि नवीन डिस्क तेवढी किंवा मोठीच मागते. रविवारी सकाळी दुकानं बंद, ओळखीच्या एका दुकानदाराला घरून उठवून आणलं तेव्हा डिस्क मिळाली. तसंच बूटचं पण आहे, जुनं मशीन यूईएफआयवर (मशीन सुरू करायच्या नव्या पद्धतीवर) असेल तर पेन ड्राइव्ह पण यूईएफआय मोडमध्येच बूट करा, जुन्या बायोस मोडमध्ये सुरू केलं तर रिस्टोअर होणार नाही.

बॅकअप घेताना काय टिक करायचं इथे पण बरेच जण चुकतात. नुसतं सी ड्राइव्ह टिक केलं म्हणजे ओएस आली असं नाही, बूटचं छोटं पार्टिशन वेगळं असतं, म्हणून 'बेअर मेटल रिकव्हरी' हाच पर्याय निवडा, तो लागणारी सगळी पार्टिशन आणि सिस्टीम स्टेट (विंडोजच्या मुख्य फाइली आणि सेटिंग) आपोआप घेतो. पण डी ड्राइव्हवरचा टॅलीचा किंवा एसक्यूएलचा डेटा त्यात असेलच असं नाही, तो वेगळा टिक करावा लागतो. आणि नुसत्या सिस्टीम स्टेटवर विसंबून राहू नका, ती त्याच मशीनवर परत टाकायला ठीक आहे, वेगळ्या हार्डवेअरवर अख्खा सर्व्हर उभा करायला नाही.

नॅसवर म्हणजे नेटवर्क शेअरवर बॅकअप घेत असाल तर हे नीट वाचा. त्या जागी एकच कॉपी राहते, आजचा बॅकअप कालच्यावर लिहिला जातो, आणि आजचा मध्येच लाईट जाऊन अर्धवट राहिला तर कालचाही गेला आणि आजचाही. उपाय साधा आहे, वारानुसार सात फोल्डर करा आणि टास्क शेड्यूलरमधून रोज वेगळ्या फोल्डरमध्ये बॅकअप पाठवा. फक्त बॅकअपसाठी दिलेल्या डिस्कवर हा त्रास नाही, तिथे जागा असेल तोपर्यंत जुने बॅकअप पण राहतात.

आता 'मेल आला नाही म्हणजे सगळं ठीक आहे' या समजुतीबद्दल. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबच्या (प्रोग्रामरांचा कोड ठेवणाऱ्या साइटच्या) एका इंजिनिअरकडून चुकून मेन डेटाबेसच्या सर्व्हरवरचा डेटा उडाला, ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले. बॅकअप बघायला गेले तर क्लाऊडमधली बॅकअपची जागा रिकामी, कारण बॅकअपचं टूल जुन्या व्हर्जनचं होतं आणि रोज फेल होत होतं, आणि फेल झाल्याचे मेल जात होते पण समोरचा मेल सर्व्हर ते नाकारत होता. एका इंजिनिअरने सहा तास आधी टेस्टिंगसाठी हाताने स्नॅपशॉट (त्या क्षणाची कॉपी) घेतला होता म्हणून वाचले, आणि हे सगळं त्यांनी स्वतः उघडपणे जगाला सांगितलं याबद्दल मला त्यांचा फार आदर आहे. म्हणून मी फेल झाल्याचा मेल लावत नाही, यशस्वी झाल्याचा लावतो, सकाळी मेल नाही आला की बघायला जायचं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये बॅकअपच्या लॉगमध्ये इव्हेंट ४ दिसला की बॅकअप पूर्ण झाला असं समजा. वारंवार फेल होत असेल तर व्हीएसएसच्या (चालू फाइलींची कॉपी काढणाऱ्या विंडोजच्या सेवेच्या) रायटरची, म्हणजे तिला जोडलेल्या प्रोग्रामच्या भागांची, यादी काढा, एखादा रायटर 'स्टेबल' नसेल तर त्याची सर्व्हिस रिस्टार्ट करा, बहुतेक वेळा गाडी तिथेच अडलेली असते.

डोमेन कंट्रोलर (ऑफिसमधल्या सगळ्यांचे लॉगिन सांभाळणारा सर्व्हर) असेल तर वेगळी काळजी. अॅक्टिव्ह डिरेक्टरीत (त्यातल्या युजर आणि कॉम्प्युटरच्या यादीत) डिलीट झालेल्या गोष्टींची खूण सहसा १८० दिवस राहते, त्याहून जुना बॅकअप वापरता येत नाही. डिरेक्टरी रिस्टोअर मोडचा पासवर्ड वेगळा असतो आणि तो सर्व्हर बसवणाऱ्याने तीन-चार वर्षांपूर्वी टाकलेला असतो, आजच बदलून लिहून ठेवा. आणि व्हर्च्युअल मशीनचा (कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या कॉम्प्युटरचा) चेकपॉइंट, म्हणजे त्या क्षणाची जपलेली स्थिती, हा बॅकअप नाही, तो त्याच होस्टच्या, म्हणजे मूळ मशीनच्या, डिस्कवर बसलेला असतो, डिस्क गेली की तोही गेला. रेडचं पण तेच, एक डिस्क मेली तर रेड वाचवेल, पण कोणी चुकून डिलीट केलं तर दोन्ही डिस्कवरून एकदमच जाणार.

रॅन्समवेअरवाले (डेटा लॉक करून खंडणी मागणारे) आत शिरले की आधी बॅकअपच शोधतात, शॅडो कॉपी (विंडोजने त्याच डिस्कवर जपलेल्या जुन्या कॉप्या) उडवतात, लावून ठेवलेली डिस्क लॉक करतात. २०१७ च्या जूनमध्ये नॉटपेट्या या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरातले डोमेन कंट्रोलर एका झटक्यात पुसले, घानातला एकच वाचला, तोही तिथे त्या वेळी लाईट गेलेली होती आणि तो नेटवर्कवर नव्हता म्हणून. एवढ्या मोठ्या कंपनीचं डोमेन त्या एका बंद मशीनवरून परत उभं राहिलं. तेव्हा एक कॉपी वायर काढून ठेवलेली हवीच, आणि जमलं तर दुसऱ्या इमारतीत. सांगली-कोल्हापूरकडच्या लोकांना ऑगस्ट २०१९ च्या पुरानंतर हे वेगळं सांगायला नको, तळमजल्यावर सर्व्हर आणि त्याच कपाटात बॅकअप ठेवून काय उपयोग.

बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं फीचर) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर हवी, त्याच सर्व्हरमध्ये सेव्ह करून नाही. १९ जुलै २०२४ ला क्राऊडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या चुकीच्या अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन पडली, तेव्हा कित्येक अॅडमिन याच कीसाठी अडकले होते.

लिनक्सवाल्यांसाठी थोडक्यात: चालू सिस्टीमवर डीडी कमांडने डिस्कची कॉपी काढू नका, मधेच फाइली बदलतात. आरसिंक या कॉपीच्या टूलने घेत असाल तर एसीएल (फाइलींच्या परवानग्या), एक्स्टेंडेड अॅट्रिब्यूट (फाइलीची जादा माहिती) आणि हार्ड लिंक (एकाच फाइलीची अनेक नावं) जपणारे पर्याय लावा, प्रॉक आणि सिस फोल्डर वगळा. नवीन डिस्कवर टाकल्यावर एफएसटॅबमधले (कोणती डिस्क कुठे जोडायची त्या यादीतले) यूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचे ओळख क्रमांक, बदला आणि ग्रब (लिनक्स सुरू करणारा प्रोग्राम) परत बसवा, नाहीतर बूटच होणार नाही. हे सगळं हाताने नको असेल तर 'रिलॅक्स अँड रिकव्हर' नावाचं फुकट टूल आहे, बूट होणारी इमेज स्वतःच बनवून देतं.

राहिलं ते रिस्टोअर करून बघणं. हायपर-व्हीमध्ये (विंडोजमधल्या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या टूलमध्ये) एक रिकामं व्हर्च्युअल मशीन घ्या, त्याची डिस्क मूळ डिस्कएवढी ठेवा, आणि त्यात अख्खा सर्व्हर रिस्टोअर करा. पण त्या मशीनचं नेटवर्क कार्ड आधी काढा, नाहीतर एकाच नावाचे आणि एकाच आयपीचे दोन सर्व्हर नेटवर्कवर येतील आणि चालू ऑफिस बंद पडेल. लॉगिन होतंय का, डी ड्राइव्ह आहे का, टॅली उघडतंय का, शेवटची एंट्री कोणत्या तारखेची आहे, एवढं बघा. मी दर तीन महिन्यांनी करतो. त्या पतसंस्थेत रॅकच्या दाराच्या आतून एक कागद चिकटवलाय, त्यावर डिस्कची साईज, बूट मोड, पेन ड्राइव्ह कुठे आहे आणि मागच्या वेळी रिस्टोअरला किती वेळ लागला ते लिहिलेलं असतं. शेवटचा आकडा १ तास ५० मिनिटं आहे.