इमारत खचते आहे का, हे कसे ताडावे

मुंबई मूळची सात बेटांची. मधल्या खाड्या आणि खाजणे बुजवून आजचे शहर जोडले गेले. तळाशी खडक असला तरी मिठी नदीच्या किंवा माहीमच्या खाडीच्या आसपास त्यावर मऊ खारी चिखलमाती आढळते. वरून वजन पडले की तिच्यातील पाणी अतिशय सावकाश बाहेर पडते आणि ती वर्षानुवर्षे दबत राहते. जुन्या तळ्यावर वसलेले मेक्सिको शहर भूजलाच्या उपशामुळे अनेक मीटर खचले, त्यामागेही मातीचे हेच दबणे आहे.

संपूर्ण इमारत सारखी खाली गेली तर भिंतींना फारसा धोका नसतो. एक कोपरा दुसऱ्यापेक्षा अधिक गेला की त्या फाटतात. म्हणून शोधायचा तो हा फरक.

पाया खडकापर्यंत नेलेल्या पाइल्सवर (जमिनीत खोल उतरवलेल्या खांबांवर) असेल, तर इमारत जागेवर राहते आणि भोवतालचे अंगण खाली जाते. पायऱ्या जोत्यापासून सुटतात, मलवाहिनी भिंतीलगत तुटते. रहिवासी याच दृश्याने सर्वाधिक घाबरतात; वास्तविक येथे तुटलेली वाहिनी त्वरित दुरुस्त करणे बहुधा पुरेसे असते.

गिलाव्यावरील केसासारख्या भेगा बहुधा निरुपद्रवी असतात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, एका टोकाला रुंद होत गेलेली आणि भिंतीच्या आरपार पोहोचलेली भेग मात्र संशयास्पद मानावी. दार घट्ट बसू लागले, तर ते पावसाळ्यात लाकूड फुगल्याने नाही ना, हे आधी पाहावे.

अशा भेगेवरचा गिलावा काढून काचेची पातळ पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने आडवी बसवावी व तिच्यावर तारीख लिहावी. काच तडकली, तर हालचाल सुरू आहे. भेगेची रुंदी पावसाळ्यासह वर्षभर दरमहा मोजून वहीत नोंदवावी. रंगकाम काढून भेगा बुजवण्याचा कमिटीचा आवडता उपाय तोवर थांबवावा, कारण त्यात पुरावाच पुसला जातो. गवंड्याच्या पारदर्शक लेव्हल पाइपमध्ये बुडबुडा न ठेवता पाणी भरून तळमजल्याच्या चारही कोपऱ्यांतील खांबांवर एकाच पातळीच्या रेघा माराव्यात. सहा महिन्यांनी त्या पुन्हा ताडून पाहाव्यात.

फरक वाढता दिसला, तर ही वही घेऊन स्ट्रक्चरल इंजिनियरकडे जावे. मुंबईत 30 वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी कायद्याने तशीही बंधनकारक आहे. शेजारी खोल तळघराचे खोदकाम होणार असल्यास, पाण्याचा उपसा सुरू होण्यापूर्वीच सर्व भेगांची तारखेसह छायाचित्रे घेऊन त्यांवर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात.