घटनास्थळ पंचनामा लिहिताना या चुका टाळा

पोलीस ठाण्यात नव्याने रुजू झालेल्या मंडळींना एवढी घाई असते की ते पंचनाम्यातच गुन्हा उलगडून टाकतात. पंचनामा म्हणजे तपास नव्हे. पंचांना जे दिसले, जाणवले आणि मोजता आले, तेवढ्याचीच ती नोंद असते. मृतदेहाजवळ सुरा पडलेला असेल तर त्याची लांबी, पात्याचे टोक कोणत्या दिशेला आहे आणि भिंतीपासूनचे अंतर लिहावे. ‘याच सुऱ्याने खून केला’ हे वाक्य पंचनाम्यात घालू नये.

हे मी चूक करूनच शिकलो. मी लेखनिक असताना एका खेड्यातल्या मारामारीत घराच्या उंबऱ्यावर तांबडे ओघळ दिसले आणि मी बेधडक ‘रक्ताचे डाग’ असे लिहून मोकळा झालो. काही महिन्यांनी सी. ए. अहवाल (रासायनिक विश्लेषकाचा अहवाल) आला, उंबऱ्यावरून खरवडलेल्या नमुन्यात रक्ताचा अंश नव्हता. घरातल्या आजीबाईंना विचारले, तेव्हा त्यांनी आदल्या दिवशी उंबऱ्याला गेरू लावल्याचे सांगितले. उलटतपासणीत बचावाच्या वकिलांनी त्या एका शब्दावर पाऊण तास घेतला आणि अंगणात खरोखर सांडलेल्या रक्ताच्या नोंदीवरही संशयाची छाया पडली. तेव्हापासून समोर थारोळे साचलेले असले, तरी मी ‘रक्तासारखे दिसणारे तांबूस डाग’ एवढेच लिहीत आलो.

पंच म्हणजे घटना पाहिलेला साक्षीदार, हा समजही तितकाच जुना आहे. पंचाने गुन्हा पाहिलेला नसतो. त्याच्यासमोर पाहणी आणि जप्ती झालेली असते. ठाण्यासमोरच्या टपरीवरचा तोच माणूस प्रत्येक प्रकरणात पंच म्हणून बसवण्याचा शॉर्टकट मला कधीच पटला नाही, कारण न्यायालयात त्याची ओळख ‘पोलिसांचा नेहमीचा पंच’ अशीच होते. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, १ जुलै २०२४ पासून लागू झाली आणि तिच्या कलम १०५ नुसार झडती व जप्तीचे चित्रीकरण आवश्यक झाले, म्हणून पंचांची निवड कशीही केली तरी चालते असे समजू नये.

ठसेतज्ज्ञ येण्यापूर्वी पेला किंवा कडीकोयंडा हाताळू नये, हे वेगळे सांगावे लागते याचेच नवल वाटते.

रक्ताने ओले झालेले कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नयेत. ओलाव्याने ते कुजतात आणि डीएनए खराब होतो. ते सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवावेत. रॉकेलचा वास येणारे कपडे मात्र हवाबंद डब्यात हवेत, नाहीतर वाफ उडून जाते. रक्तमिश्रित मातीबरोबर जवळचीच साधी मातीही वेगळ्या पुडीत घ्यावी. प्रत्येक पुडीवर पंचांच्या सह्यांची चिठ्ठी लावून जागेवरच लाखेचे सील करावे; ‘ठाण्यात गेल्यावर करू’ म्हणून मुद्देमाल उघडाच जीपमध्ये टाकणाऱ्यांकडून मी ती पुडी पुन्हा खाली उतरवून घेत असे.