‘एसएसडी उडाली’ म्हणण्याआधी: ड्युअल बूट पीसीवरच्या या चुका टाळा

माझ्या पीसीवर विंडोजशेजारी उबुंटू हे लिनक्स आहे. ते चालू ठेवून चहा करायला उठलो. परत आलो तर माउस हलत होता, पण एकही फाइल उघडत नव्हती. टर्मिनलमध्ये फाइलींची यादी दाखवणारी साधी ‘एलएस’ कमांड दिली, तिचंही उत्तर ‘इनपुट/आउटपुट एरर’. रीस्टार्ट केलं तर बायोसमध्ये, म्हणजे पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये, एसएसडीचं (डेटा साठवणाऱ्या ड्राइव्हचं) नावच नाही. भिंतीतली पिन काढली, मिनिटभराने परत लावली, आणि एसएसडी हजर. सगळा डेटा जागेवर.

असं आठवड्यात तिसऱ्यांदा झाल्यावर मी ती वॉरंटीत बदलून घेतली. नवी आली, त्याच मॉडेलची. चौथ्या दिवशी तीही तशीच गायब. एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून माझ्या डोळ्यांसमोर होती: हाच पीसी विंडोजमध्ये रात्रभर डाउनलोड करत चालू राहायचा आणि एकदाही अडकला नव्हता. ती खूण मी महिनाभर वाचलीच नाही. स्वतः असेंबल केलेल्या ड्युअल बूट पीसीवर होणारी ही सगळ्यात मोठी चूक. आपल्याकडे एकाच हार्डवेअरवर दोन ऑपरेटिंग सिस्टीम आहेत, म्हणजे दोन साक्षीदार आहेत, आणि आपण एकालाही न विचारता निकाल देऊन मोकळे होतो.

आधी हे विचारा: पीसी कुठे अडकतो, विंडोजमध्ये, लिनक्समध्ये की दोन्हीकडे? आणि कधी, भरपूर काम चालू असताना की नुसता पडून असताना? दोन्हीकडे अडकत असेल तर सॉकेट, केबल, रॅम, एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा), उष्णता नाहीतर एसएसडीच, असा हार्डवेअरचा संशय बळावतो. फक्त लिनक्समध्ये आणि तेही रिकामा असताना अडकत असेल, तर वीजबचतीच्या सेटिंगकडे आधी बघा. दोन सिस्टीम दोन वेगळ्या ड्राइव्हवर असतील तर मात्र ही तुलना लंगडी पडते. मग तिसरा साक्षीदार लागतो, लाइव्ह पेनड्राइव्ह, म्हणजे ज्यावरून लिनक्स इन्स्टॉल न करता थेट चालतं तो. त्यावरून बूट करून एसएसडी नुसती वाचत ठेवा. सिस्टीम पेनड्राइव्हवर असल्यामुळे एसएसडी गायब झाली तरी पीसी चालू राहतो आणि काय झालं ते वाचायला मिळतं.

लॉगमध्ये काही नाही म्हणजे काही झालं नाही, असं समजणं

ज्या ड्राइव्हवर लॉग, म्हणजे सिस्टीमची नोंदवही, लिहिला जातो तोच गायब झाला, तर ती नोंद लिहिणार कुठे? मी रीस्टार्टनंतर जर्नल, म्हणजे लिनक्सचा लॉग, उघडून बघायचो. नोंदी व्यवस्थित चालत यायच्या, मग एका मिनिटाला अचानक तुटायच्या आणि पुढची ओळ थेट नव्या बूटची. ती मधली रिकामी जागा हाच पुरावा होता.

शेवटी एक टर्मिनल उघडं ठेवलं. त्यात डीमेसेज कमांड डब्ल्यू पर्यायासह चालू केली, म्हणजे कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) नवे संदेश लगेच स्क्रीनवर येत राहतात. दुसऱ्या दिवशी दुपारी ओळ आली: ‘कंट्रोलर इज डाउन, विल रीसेट’. मोबाइलने फोटो काढला. अलीकडच्या कर्नलमध्ये त्याखाली उपायही छापून येतो, कोणते पॅरामीटर (बूटच्या वेळी कर्नलला द्यायच्या सूचना) लावून बघायचे तो.

विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअरच्या ‘सिस्टीम’ विभागात जा. ‘स्टोरएनव्हीएमई’ किंवा ‘स्टोरएएचसीआय’ या ड्राइव्ह हाताळणाऱ्या ड्रायव्हरच्या नावाने 129 क्रमांकाची नोंद असेल, तर ड्राइव्हने वेळेत उत्तर दिलं नाही आणि विंडोजला तो रीसेट करावा लागला, असा अर्थ. ‘कर्नल-पॉवर 41’ दिसलं की बरेच जण थेट एसएमपीएस बदलायला निघतात. ती नोंद एवढंच सांगते की पीसी नीट शटडाउन झाला नव्हता. का झाला नव्हता, ते तिला माहीत नसतं.

झोपलेली एसएसडी मेली असं समजणं

माझ्या पीसीचा आजार हा होता. एनव्हीएमई ड्राइव्हला (पीसीआयई या वेगवान जोडणीवर चालणाऱ्या एसएसडीला) विजेच्या अनेक पायऱ्या असतात. काम नसेल तेव्हा ड्राइव्ह आपणहून खालच्या पायरीवर, म्हणजे गाढ झोपेत जातो. या सोयीला एपीएसटी म्हणतात. 2017 मध्ये आलेल्या लिनक्स कर्नल 4.11 पासून तिचा वापर सुरू झाला. लॅपटॉपच्या बॅटरीला त्याचा चांगला फायदा होतो. पण काही ड्राइव्ह आणि काही मदरबोर्ड यांची जोडी जमत नाही. गाढ झोपेत गेलेला ड्राइव्ह हाक मारल्यावर उठतच नाही, आणि कर्नल तो गेला असं धरून सोडून देतो. वीज पूर्ण तोडून दिली की तो पुन्हा जागा होतो. म्हणूनच माझं ते पिन काढून लावणं लागू पडत होतं.

उपाय सोपा आहे. ग्रबच्या (बूटच्या वेळी सिस्टीम निवडून देणाऱ्या मेनूच्या) सेटिंगमध्ये कर्नलच्या ओळीला ‘एनव्हीएमई_कोअर.डिफॉल्ट_पीएस_मॅक्स_लेटन्सी_यूएस=0’ हा पॅरामीटर जोडा, अर्थात इंग्रजी अक्षरांत, ग्रब अपडेट करा आणि रीस्टार्ट करा. एवढ्याने भागलं नाही तर पीसीआयई-एएसपीएम, म्हणजे त्या जोडणीची वीजबचत, बंद करणारा पॅरामीटर जोडा. दोन्ही एकदम लावू नका, नाहीतर गुण कशाने आला ते कळणार नाही. स्पेलिंग चुकलं तरी बूट थांबत नाही, त्यामुळे पॅरामीटर खरंच पोहोचला का, ते ‘/प्रॉक/सीएमडीलाइन’ ही फाइल वाचून खात्री करा. डेस्कटॉपवर यामुळे विजेचं बिल वाढेल ही भीती नको, फरक नगण्य आहे.

विंडोज ‘शटडाउन’ केलं म्हणजे बंद झालं, असं धरून चालणं

विंडोज 8 पासून फास्ट स्टार्टअप आलं. शटडाउन म्हटलं की विंडोज स्वतःचा गाभा एका फाइलमध्ये साठवून निजतं आणि पुढच्या वेळी तिथूनच उठतं. मधल्या वेळात तुम्ही लिनक्समध्ये जाऊन त्याच पार्टिशनवर काही लिहिलं, तर उठलेल्या विंडोजच्या डोक्यात जुना नकाशा असतो आणि डिस्कवर नवा. मग फाइली नाहीशा होतात, दर बूटला चेकडिस्क हा विंडोजचा डिस्क तपासणारा प्रोग्रॅम धावतो आणि माणूस म्हणतो, एसएसडी खराब निघाली. लिनक्स अशा वेळी पार्टिशन फक्त वाचण्यापुरतं उघडतं, ते तुमच्या रक्षणासाठीच. ती साठवलेली फाइल उडवून जबरदस्तीने पार्टिशन उघडायचा सल्ला नेटवर सर्रास मिळतो, तो ऐकू नका. विंडोजमध्ये ॲडमिन कमांड प्रॉम्प्टवर ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ द्या. हायबरनेट आणि फास्ट स्टार्टअप दोन्ही बंद होतात. मोठ्या अपडेटनंतर एकदा तपासून घ्या.

याचीच एक धोकादायक बहीण आहे. विंडोजला लिनक्सचं पार्टिशन वाचता येत नाही, आणि त्याला ड्राइव्ह लेटर मिळालं असेल तर ‘ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करा’ अशी पाटी येते. डिस्क ठणठणीत असते. ‘कॅन्सल’ दाबा आणि डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ते लेटर काढून टाका.

स्क्रू, पट्टी आणि केबल

आपण पीसी स्वतः जोडतो तेव्हा एसएसडी मदरबोर्डवरच्या एम.2 सॉकेटमध्ये तिरकी राहणं, तिच्याखालचा पितळी पाया चुकीच्या भोकात बसवणं, हीटसिंकच्या थर्मल पॅडवरची पातळ प्लास्टिकची पट्टी न काढणं, हे हमखास होतं. ती पट्टी पारदर्शक असते. मित्राच्या पीसीवर मी हीटसिंक उचललं तेव्हा पॅडवर ती जशीच्या तशी होती, आणि मोठी फाइल कॉपी करताना त्याची एसएसडी का गुदमरते याचं उत्तर मिळालं. मदरबोर्डच्या मॅन्युअलमधला एम.2 सॉकेटचा तक्ताही वाचा. बऱ्याच बोर्डांवर दुसरं सॉकेट वापरलं की एक-दोन साटा (केबलने ड्राइव्ह जोडायचे) पोर्ट बंद होतात.

साटा एसएसडी असेल तर स्मार्ट माहितीतला (ड्राइव्ह स्वतःच्या तब्येतीची ठेवतो त्या नोंदीतला) 199 क्रमांकाचा आकडा बघा, सीआरसी एरर. तो केबलमधल्या गडबडीत वाढतो. जुना आकडा खाली येत नाही, म्हणून केबल बदलून आठवडाभराने तो तिथेच थांबलाय का, एवढंच पाहायचं.

रॅमवर एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅमचा वेग वाढवणारी बायोस सेटिंग) चालू करून ती पूर्ण न तपासणं ही चूक फार महागात पडते. रॅममध्ये बिघडलेला बाइट एसएसडीवर इमानदारीने तसाच लिहिला जातो आणि दोष एसएसडीच्या माथी येतो. एक्सएमपी बंद करा, रात्रभर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम चालू द्या, मगच पुढे.

फर्मवेअरकडे पाठ फिरवणं

एसएसडीच्या आतही एक प्रोग्रॅम चालतो, तेच फर्मवेअर, आणि त्यातही चुका असतात. क्रुशल एम4 या एसएसडीत 5184 तास वापरानंतर ड्राइव्ह प्रतिसाद देणं सोडायचा. हा दोष 2012 मध्ये नव्या फर्मवेअरने दुरुस्त झाला. 2019 मध्ये एचपी एंटरप्राइझने सर्व्हरच्या काही एसएसडी 32,768 तासांनी कायमच्या बंद पडतील असा इशारा दिला. ऑक्टोबर 2024 मध्ये विंडोज 11 ची 24एच2 आवृत्ती आली आणि वेस्टर्न डिजिटलच्या एसएन770 व एसएन580 च्या 2 टीबी ड्राइव्हवर निळी स्क्रीन येऊ लागली. हे ड्राइव्ह पीसीच्या रॅममधून 200 एमबी उसनी मागायचे. आधीचं विंडोज 64 एमबीवर थांबवायचं, नव्याने मागितली तेवढी दिली. उपाय फर्मवेअर अपडेट हाच होता. या ड्राइव्हवर ते विंडोज वारंवार कोसळत असताना शेजारचं लिनक्स बघा, तेच साक्षीदाराचं काम करतं. बऱ्याच कंपन्यांचं फर्मवेअर टूल फक्त विंडोजवर चालतं, त्यामुळे रोज लिनक्स वापरणाऱ्यांचं अपडेट राहून जातं.

आणि बूटच होत नसेल तर तो एसएसडीचा दोष असेलच असं नाही. ऑगस्ट 2024 च्या विंडोज अपडेटनंतर अनेक ड्युअल बूट पीसींवर लिनक्स ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ म्हणून थांबू लागलं होतं. ती सिक्युअर बूटची, म्हणजे बूट होणाऱ्या प्रोग्रॅमची सही तपासणाऱ्या सोयीची, भानगड होती. बायोसमध्ये हात घालण्याआधी बिटलॉकरची (विंडोजच्या ड्राइव्ह-कुलपाची) 48 अंकी रिकव्हरी की मात्र कागदावर उतरवून घ्या.

खरंच जात असेल तर

ड्राइव्हची स्मार्ट माहिती दाखवणाऱ्या स्मार्टसीटीएलमध्ये ‘पास्ड’ किंवा क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ‘गुड’ दिसलं म्हणून निर्धास्त राहू नका. ‘मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स’ शून्याच्या वर चढत असेल, ‘अव्हेलेबल स्पेअर’ (शिल्लक राखीव जागा) घसरत असेल, तर वेळ थोडा आहे. ‘अनसेफ शटडाउन्स’ सतत वाढत असेल तर लाइट जाण्याचा बंदोबस्त करा. पीसी घरच्या इन्व्हर्टरवर असेल तर इन्व्हर्टर यूपीएस मोडवर आहे ना, ते पाहा.

मरणाऱ्या ड्राइव्हवर आधी चेकडिस्क किंवा त्याचा लिनक्समधला भाऊ एफएससीके चालवू नका. ते दुरुस्तीसाठी लिहायला जातात. लाइव्ह पेनड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू या प्रत घेणाऱ्या प्रोग्रॅमने, मॅपफाइल (कुठवर वाचलं याची नोंद) देऊन, संपूर्ण ड्राइव्हची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि सगळी दुरुस्ती त्या प्रतीवर करा. चुकून काही डिलीट किंवा फॉरमॅट झालं असेल तर पीसी तत्काळ बंद करा, कारण ट्रिमने (जागा मोकळी झाल्याचं एसएसडीला कळवणाऱ्या सूचनेने) ती जागा कोरी केली की डेटा परत येत नाही.

वॉरंटीत देण्याआधी दोन्ही सिस्टीमचा बॅकअप घ्या, दोन्हींचा. मी पहिली एसएसडी परत केली तेव्हा लिनक्सचा होम फोल्डर काळजीपूर्वक कॉपी केला होता. विंडोजच्या पार्टिशनमध्ये आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग होतं, ते राहून गेलं. बदलून आलेली एसएसडी कोरी होती. पॅरामीटर लावल्यापासून ती एकदाही गायब झालेली नाही, आणि दुकानात देऊन आलेली पहिली बहुधा तितकीच धडधाकट होती.